सही कोणाची?

जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद साजरा झाला. तो व्हायलाच हवा होता. पण यादीतल्या स्थळांच्या स्थितीचा अहवाल साधारण दर 6 वर्षांनी द्यावा लागतो. त्यातला तिसरा-चौथा अहवाल लिहायची वेळ येईल, तेव्हा आज पन्नाशीत असलेले आपण कामावर नसू. आज अठ्ठाविशीत असलेले आपले सहकारी तो लिहितील. त्यांना आपण आज काय करू देतो?

मोजमापे घ्या, आराखडे काढा, छायाचित्रांना क्रमांक द्या. सांधे किती खोल उकरायचे, कोणता दगड बदलायचा आणि कोणता झिजलेला असला तरी तसाच ठेवायचा, हे मात्र वरिष्ठ ठरवतात, आणि पुष्कळदा फोनवरून ठरवतात. भिंतीत मुरलेले पाणी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. तिथे सिमेंट भरले की ते दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. एवढे प्रत्येक पदवीधराला पाठ असते. पण घाणीत मळलेला चुना कामाजोगा झाला की नाही, हे जुना गवंडी थापीवर घेऊन सांगतो. ती जाण त्याच्या शेजारी उभे राहून, तीन-चार पावसाळे काढूनच येते. असे गवंडी आता थकले आहेत. त्यांच्या हाताखाली तरुण अभियंते आज उभे राहिले नाहीत, तर ही विद्या कोणाकडून घेणार?

तरुणांनाही एक सांगायचे आहे. लेझर स्कॅनिंग तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले येते. स्कॅनमध्ये भेग दिसते. ती वाढते आहे की थांबली आहे, हे कळायला तिच्यावर काचपट्टी बसवून भर पावसात पुन्हा गड चढावा लागतो. पिंपळ-उंबराची मुळे तटात कुठवर शिरली, हेही तेव्हाच दिसते.

निविदांतल्या अनुभवाच्या आणि उलाढालीच्या अटी नवख्यांना दारातच अडवतात. त्या बदलायला वेळ लागेल, पाठपुरावा करूच. तोवर ज्यांच्या हाती काम आहे त्यांनी एवढे करावे: प्रत्येक कामातला एक स्वतंत्र भाग, एखादा बुरूज किंवा पाण्याचे टाके, पस्तिशीच्या आतल्या सहकाऱ्याकडे पूर्ण सोपवावा. निदान त्याचे, मिश्रणाचे प्रमाण त्याने ठरवलेले, गवंड्याला सूचना त्याच्या, अहवालावर सहीही त्याचीच. चूक होईल ही भीती रास्त आहे. म्हणून सुरुवात अशा कामांपासून करावी, जी उलटवता येतात. चुन्याने भरलेला सांधा मूळ दगडाला धक्का न लावता पुन्हा उकरता येतो.

पुढच्या अंकापासून ‘कामाची नोंद’ या सदरात अशाच सहीचे अहवाल आम्ही आधी छापू. फसलेल्या मिश्रणांचेही पाठवा.