चावी आधी आईच्या हाती



शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर एक दृश्य वारंवार दिसते. आठवी-नववीतला मुलगा वडिलांची मोटारसायकल झोकात वळवून घेतो आणि मागे त्याची आई पदर सावरीत, पाय एका बाजूला करून बसते. मुलाचे लायसन्सचे वय झालेले नाही. आईचे होऊन वीस वर्षे झाली. तरी चावी मुलाकडे! वडिलांना याचे कौतुक वाटते, आम्हाला मात्र वाटत नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन कलम 199-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. एवढी जोखीम आपण मुलासाठी हसत घेतो. बायकोने नुसते विचारले की उत्तर ठरलेले, "तुला कशाला? मी आहे ना सोडायला!"

पण हे 'मी आहे ना' नेहमी असतात कुठे? हंगामात शेतात, नाही तर हैदराबाद-पुण्याला कामाला. 11 जून 2023 पासून कर्नाटकात महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास मिळतो. त्याचा मोठा आधार झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तापाने फणफणलेले मूल घेऊन रात्री हुमनाबाद किंवा बसवकल्याण गाठायचे तर त्या वेळी फाट्यावर बस नसते. गाडी मात्र अंगणात उभी असते. ज्या मुलींचे हायस्कूल केवळ लांब आहे म्हणून सुटते, त्यांच्याही घरी बहुधा ती उभी असतेच.

बायका शिकतील का, हा प्रश्न आम्हाला व्यर्थ वाटतो. आपल्या राज्यात 2006-07 पासून पुढे अनेक वर्षे आठवीच्या विद्यार्थ्यांना सरकारी सायकली मिळाल्या. त्यातल्या पहिल्या मुलींनी आता तिशी ओलांडली आहे. आपल्या काही विद्यार्थ्यांच्या माता त्यांतल्याच. सायकलवर तोल सांभाळणारीचे अर्धे शिक्षण झालेलेच असते. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतर साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकवली गेली, तेव्हा एक लाखाहून अधिक ग्रामीण महिला शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, म्हणून त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आमचे म्हणणे तेच आहे. पुण्याच्या फिरोदियांनी 1972 साली लुना आणि 1984 साली बटनाने सुरू होणारी कायनेटिक होंडा आणली, तिकडच्या बायका केव्हाच सुटल्या. आपल्याकडे घरात एकच गाडी, तीही गिअरची. मग त्याच गाडीवर शिकावे.

आता नवरेमंडळींनी शिकवायचे कसे, ते. महाराष्ट्रात बायकोला शिकवणाऱ्या नवऱ्यांची दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी रमाबाईंना 1873 साली लग्न झाल्यापासून शांतपणे शिकवले. घरातल्या बायकांचे टोमणे चालूच होते, तरी धडा थांबला नाही. गोपाळराव जोशी यांनी आनंदीबाईंना शिकवले ते रागावून, प्रसंगी हात उगारून. आनंदीबाई 1886 साली डॉक्टर झाल्या हे खरे, पण तो राग सोसण्याची सक्ती कोणावर का असावी? मोटारसायकलवर तर मागून ओरडणारा माणूस धोकाच असतो. दचकून क्लच सुटतो आणि गाडी उडी घेते.

आमच्या घरी सौ. अट्ठेचाळिसाव्या वर्षी शिकल्या. पहिले दोन दिवस इंजिन सुरूच केले नाही. गाडी नुसती ढकलायची, वळवायची, वजन अंगात मुरू द्यायचे. मग क्लच हळूहळू सोडणे, पहिल्या गिअरमध्ये मैदानाला फेऱ्या. सर्वांत अवघड गेले ते चालवणे नव्हे, डबल स्टँडवर लावणे! त्यात जोर कमी आणि पाय ठेवण्याची युक्ती जास्त, हे त्यांनीच शोधून काढले. गल्लीतले लोक चार दिवस हसले, पाचव्या दिवशी एका शेजारणीने वेळ विचारली. कपड्यांबाबत एक गंमत सांगतो. मोटारसायकलला साडीगार्ड असावा असा नियम आहे, म्हणजे कायद्यानेही मागे बसणारीचाच विचार केला. पुढे बसणारीने सलवार-कमीज घालावी, ओढणी गाठ मारून बांधावी. यावर सासूबाईंनी आक्षेप घेऊ नये, ही विनंती.

विश्वस्तांपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवत आहोत. रविवारी सकाळी 7 ते 9 शाळेचे मैदान माता-पालकांना आणि शिक्षिकांना गाडी शिकण्यासाठी खुले करावे. काही विश्वस्तांना अपघाताची चिंता वाटते, ती रास्त आहे. म्हणून प्रत्येकीकडे शिकाऊ लायसन्स, डोक्याला हेल्मेट आणि एका वेळी मैदानात दोनच गाड्या, अशा अटी घालाव्यात. विद्यार्थ्यांना त्या वेळेत प्रवेश नको. पतिराजांनी यावे, गाडी आणून द्यावी आणि कुंपणाजवळच्या लिंबाखाली बसावे. चहा शाळेतर्फे मिळेल. तिथून सूचना देण्यास मनाई राहील.