जुन्या संगणकावर चोरीची विंडोज कशासाठी?

धाराशिव शहरात किंवा उमरगा, कळंब, तुळजापूर, परंडा अशा तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास एक चक्कर मारली, तर झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो अशा पाट्यांची रांगच लागलेली दिसते. यातील कितीतरी दुकाने आपल्या समाजातील तरुणांची आहेत. शेती कोरडवाहू, कारखानदारी बेताची, नोकरी मिळण्याची शाश्वती नाही. तेव्हा वडिलांनी साठवलेले थोडे पैसे, एक भाड्याचा गाळा, एक प्रिंटर आणि एक सेकंडहँड संगणक एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहतो. त्यावर घर चालते, बहिणींची लग्ने होतात. आम्हाला या धंद्याचे कौतुकच आहे.

सेकंडहँड संगणक वापरण्यात कमीपणा काहीच नाही. मोठ्या शहरांतील कंपन्या आणि बँका आपली यंत्रे काही वर्षे वापरून एकगठ्ठा काढून टाकतात. पुणे, मुंबई, हैदराबादच्या व्यापाऱ्यांकडून ती सोलापूर-लातूरमार्गे आमच्याकडे येतात. नव्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात चांगले दणकट यंत्र मिळते. त्यात जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम आठ जीबी केली की आणखी काही वर्षे ते तक्रार करत नाही. हप्त्यावर नवे यंत्र घेऊन व्याज भरत बसण्यापेक्षा हा व्यवहार केव्हाही शहाणपणाचा. प्रश्न यंत्राचा नाही. त्यावर कोणती प्रणाली घालायची आणि ती कुठून आणायची, हा आहे.

हा प्रश्न आताच का उपस्थित झाला, तेही सांगितले पाहिजे. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित आधार थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव सोय ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यानंतरची विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. पण ती प्रत्येक यंत्रावर चालवायची नाही, असे कंपनीचे धोरण. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. पिढी ओळखणे सोपे आहे. आय-५ ६५०० असे लिहिले असेल तर पहिला आकडा सहा, म्हणजे सहावी पिढी. ८५०० असेल तर आठवी. आमच्या बाजारात स्वस्तात मिळणारा बराच माल चौथ्या ते सातव्या पिढीचा आहे, आणि विकणारा हे आपणहून सांगत नाही. 'आय-५ आहे, आय-५' एवढेच ऐकवले जाते. घोडा घेताना दात बघणारी आपली माणसे इथे मात्र आकडा बघत नाहीत, याचे आश्चर्य वाटते.

आमच्या परिचयातील एका दुकानदाराची हकिकत सांगतो. त्याने असेच एक यंत्र आणले. मेकॅनिकने पाचशे रुपये घेतले, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि तासाभरात अकरा नंबरची विंडोज घालून दिली. अट चुकवण्याची युक्ती त्याने वापरलीच, शिवाय परवाना नसताना तो असल्याचे भासवणारा एक छोटा प्रोग्रामही चालवला. तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद केला आणि बंदच ठेवला. दोन-अडीच महिने सगळे सुरळीत चालले. मग ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी सगळ्या फायलींची नावे बदललेली आणि पडद्यावर पैशांची मागणी! गिऱ्हाइकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले, जातीची प्रमाणपत्रे, स्वतःची चार वर्षांची उधारीची वही, सारे कुलूपबंद. पैसे त्याने भरले नाहीत, हे बरेच केले. पण उधारी किती बुडाली याचा हिशोब आजही लागलेला नाही. तोंडी आठवणीवर कोण किती देणार?

या हकिकतीतला सर्वांत चटका लावणारा भाग पुढेच आहे. आमच्या घरातील एका जाणकार मुलाने ते यंत्र उघडून तपासले, तेव्हा विंडोज १० प्रोचा अस्सल परवाना त्या यंत्राच्या पोटातच निघाला. विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत परवान्याची किल्ली मदरबोर्डावरील चिपमध्येच नोंदवलेली असते. विंडोज १० ची किल्ली असलेल्या यंत्रावर तीच आवृत्ती, होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, कंपनीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घातली आणि इंटरनेट जोडले की ती आपसूक सुरू होते. यंत्र आठव्या पिढीचे असेल तर त्याच परवान्यावर अकराही रीतसर चढते. म्हणजे आमच्या या मित्राने घरात गहू भरलेला असताना चोरीचे पीठ विकत आणले. मेकॅनिकला हे ठाऊक नव्हते, की ठाऊक असून सांगितले नाही, ते त्यालाच माहीत.

नकली प्रत वापरणे हा आपल्याकडे गुन्हा समजलाच जात नाही. तराजूला हात लावताना जो व्यापारी दहा वेळा विचार करतो, तोही या बाबतीत 'सगळेच वापरतात' म्हणून मोकळा होतो. वस्तुस्थिती अशी की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब घातले गेले. प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते. दुकानदाराला ती पळवाट नाही. आणि शरीअतच्या बाजूने विचाराल, तर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ च्या कुवेत अधिवेशनातच लेखन, शोध, व्यापारचिन्ह यांवरील हक्क हे मालमत्तेसारखेच मानले आणि त्यांचे उल्लंघन नाजायज ठरवले. कंपनी श्रीमंत आहे, परदेशी आहे, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

मग ज्यांची यंत्रे जुन्या पिढीची आहेत त्यांनी काय करावे? ती भंगारात घालावीत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. दुरुस्त्या थांबलेली विंडोज तशीच चालवत राहावी, हेही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधील सरकारी इस्पितळे ठप्प केली. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. पुढच्याच महिन्यात अशाच दुसऱ्या हल्ल्याने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम बंद पाडले. तेव्हा ही गोष्ट फक्त परदेशात घडते, असे कोणी समजू नये.

आमचे मत लिनक्सच्या बाजूने आहे. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम आज जगभरातील हजारो लोक मिळून सांभाळतात. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याचीच रूपे. पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही, जुन्या यंत्रावर चालते. 'हे आपल्यासारख्यांना जमायचे नाही' असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, ई-कोर्ट प्रकल्पात देशातील जिल्हा न्यायालयांना उबुंटूच दिली गेली आणि केरळच्या सरकारी शाळांतील मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. सी-डॅकने तर भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाची स्वतंत्र प्रणालीही तयार केली.

पण अडचणी लपवून सल्ला देणे हा प्रामाणिकपणा नव्हे. टॅली विंडोजवरच नीट चालते. आधारच्या अंगठ्याची यंत्रे, डिजिटल सहीचे टोकन यांची साधने बहुतांशी विंडोज गृहीत धरून केलेली असतात. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे पेजमेकर आणि कोरलड्रॉ, उर्दू मजकुरासाठीचे इनपेज यांचेही तेच. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फायली उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे दिसतील. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. प्रिंटरचेही बघावे लागते. काही मॉडेल जोडताच चालतात, आणि आमच्याकडे दुकानोदुकानी दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर मात्र भल्याभल्यांना रडवतो.

म्हणून सरसकट बदल करू नये. दुकानात दोन-तीन यंत्रे असतील तर एक आठव्या पिढीचे, अस्सल परवान्याचे घ्यावे आणि टॅली, अंगठा, डिजिटल सही ही कामे त्यावर ठेवावीत. बाकीच्या यंत्रांवर ऑनलाइन फॉर्म, ईमेल, मराठी-उर्दू युनिकोड टायपिंग, स्कॅनिंग, हिशोबाचे तक्ते ही कामे लिनक्सवर उत्तम होतात. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आयता असतो.

ज्याचे एकच यंत्र आहे, त्याने घाई करू नये. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून घ्यावी, संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा (बऱ्याच यंत्रांत चालू करताना एफ-१२ किंवा एफ-९ दाबले की पर्याय येतो) आणि डिस्कला हात न लावता दिवसभर तशीच वापरून पाहावी. प्रिंटर कागद काढतो का, स्कॅनर चालतो का, आपली रोजची सरकारी संकेतस्थळे उघडतात का, हे पाहून मगच निर्णय घ्यावा. घालायचे ठरले तर आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी. 'डिस्क पुसून टाका' या पर्यायावर बोट पडले की मागे फिरता येत नाही. हे काम मेकॅनिककडून करून घेतले तरी शेजारी बसून पाहावे.

आमचा खरा आक्षेप आहे तो वेगळाच. सरकारी सेवा केंद्रे तरुणांनी चालवायची, सेवेचे दर सरकारने ठरवायचे, आणि त्या कामासाठी लागणारी साधने मात्र एकाच कंपनीच्या प्रणालीवर चालणारी घ्यायला लावायची, हे कोणत्या न्यायात बसते? न्यायालयांना जे चालते ते सेवा केंद्राला का चालू नये? अंगठ्याच्या यंत्राची परवानगी देतानाच त्याचे लिनक्सवरील साधनही मागता येईल, आणि ही अट घालायला सरकारला रुपयाही खर्च येणार नाही. जिल्ह्यातील केंद्रचालकांनी आपल्या संघटनेमार्फत ही मागणी लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी. त्या निवेदनाचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत; तो लिनक्सवरच टाइप केलेला असेल.