'गुलाबी साडी' ते 'शेकी': मराठी पॉप गायक अल्बम का काढत नाहीत?

'गुलाबी साडी' अजून ऐकलंच नाही, असा माणूस सापडणं अवघड आहे. २०२४ मध्ये आलेलं हे गाणं रील्समधून लग्नाच्या वरातीत पोहोचलं. ते लिहिणारा, त्याला चाल देणारा आणि गाणारा संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला. त्याचं 'नऊवारी' २०२३ मध्ये आलं, 'शेकी' २०२५ मध्ये. तिन्ही सुटी गाणी, म्हणजे सिंगल्स. ना सिनेमा, ना अल्बम.

असं का होतंय?

आधी काय व्हायचं?

मिलिंद इंगळेंचा 'गारवा' किंवा सलील कुलकर्णी-संदीप खरे यांचं 'आयुष्यावर बोलू काही' आठवा. तेव्हा कॅसेट किंवा सीडी भरायची, तर आठ-दहा गाणी लागायची. स्टुडिओ, छपाई, दुकानापर्यंत माल पोहोचवणं, या सगळ्यासाठी कंपनी हवी. पण एकदा कॅसेट विकत घेतली की लोक दोन्ही बाजू ऐकायचे. हिट गाण्यासोबत शांत गाण्यालाही संधी मिळायची.

मग बदललं काय?

२०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाले. आता नागपुरातला मुलगाही घरी गाणं रेकॉर्ड करून जगभर पोहोचवू शकतो. फक्त नियम वेगळे आहेत.

- गाणं किमान ३० सेकंद वाजलं, तरच स्पॉटिफायवर ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं.
- स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी एका वेळी एकच गाणं सुचवता येतं.
- २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफायकडून रॉयल्टी मिळत नाही.

आता हिशोब करा. समजा, नव्या गायकाने दहा गाण्यांचा अल्बम काढला आणि प्रत्येक गाणं ९०० वेळा ऐकलं गेलं. एकूण आकडा ९,०००, कमाई शून्य. तेच ९,००० एका गाण्याला मिळाले, तर पैसे मिळतात. म्हणून एकेक गाणं.

यात तोटा कुणाचा?

गाणं सगळ्यांना माहीत होतं, गायक नाही. शिवाय नागपूरच्या खासदार सांस्कृतिक महोत्सवासारख्या मोठ्या मंचावर दीड तास उभं राहायचं, तर एका हिट गाण्यावर भागत नाही. स्वतःची दहा-पंधरा गाणी लागतात. रीलमध्ये न बसणारी संथ गाणी तर सुरुवातीलाच मागे पडतात.

आणि पैसे कुणाचे?

इथे स्वतः लिहिणाऱ्या गायकाची बाजू भक्कम आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गाण्याचे हक्क कंपनीला दिले, तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते. पण त्यासाठी सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं आपल्या नावावर नोंदवावं लागतं. गायक म्हणूनही कायद्याने वेगळा हक्क मिळतो.

म्हणून विदर्भातलं कुणी पहिलं गाणं टाकायच्या तयारीत असेल, तर थंबनेलआधी दोन गोष्टी तपासा: गीतकार-संगीतकार म्हणून नाव कुणाचं लागलंय आणि मूळ रेकॉर्डिंगची मालकी कुणाकडे आहे. गाणं व्हायरल झाल्यावर या गोष्टी बदलणं फार अवघड जातं.