म्युच्युअल फंडाची निवड : नवख्या शेतकऱ्यास दोन शब्द

बियाण्याची पिशवी घेतांना आमचा शेतकरी वरच्या चित्रास भुलत नाहीं. जमीन कोणती, पाणी किती, पीक किती दिवसांचें, हें तो आधीं विचारतो. पण रस्त्यांत गेलेल्या जमिनीचा मोबदला किंवा उसाचें बिल हातीं आलें, कीं तोच मनुष्य म्युच्युअल फंडाविषयीं एकच प्रश्न करितो : ‘गेल्या वर्षीं किती टक्के मिळाले ?’ आमच्या मतें हा प्रश्न शेवटचा आहे. तो पहिला ठेवल्यानेंच नवखा माणूस फसतो.

म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांनीं एकत्र केलेली पुंजी. ती व्यवस्थापक कंपन्यांच्या शेअरांत वा कर्जरोख्यांत गुंतवितात. आपल्या वाट्याच्या युनिटाचें मोल बाजाराप्रमाणें चढतें-उतरतें. ही बँकेंतील ठेव नव्हे, व येथें व्याजाची हमी नाहीं. १९६४ सालीं निघालेली यू. एस. ६४ योजना सरकारी पाठबळाची म्हणून लक्षावधि घरांनीं निर्धास्तपणें घेतली. जुलै २००१ मध्यें तिची परतफेड एकाएकीं थांबविण्यांत आली. एप्रिल २०२० मध्यें फ्रँकलिन टेम्पल्टननें आपल्या कर्जरोख्यांच्या सहा योजना बंद केल्या. पैसा पुढें टप्प्याटप्प्यानें परत आला, पण निकडीच्या वेळीं हातीं नव्हता. तेव्हां नांवावर वा मागल्या सालच्या उताऱ्यावर न जातां, पैसा कशांत घातला जातो हें पाहावें.

त्याहून आधीं आपलें घर पाहावें. दरमहा शेकडा दोन व्याजाचें देणें डोक्यावर असेल, तर तें वर्षास २४ टक्के होतें. त्याहून अधिक देण्याचा भरवसा कोणताहि फंड देऊं शकत नाहीं. असें देणें फेडणें हीच पहिली गुंतवणूक. मग वर्षभराचा घरखर्च व पुढील हंगामाची बेगमी बँकेंत राहूं द्यावी. तीन वर्षांच्या आंत लागणारा पैसा शेअरांच्या फंडांत घालूं नये. २००८ सालीं मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक वर्षभरांत निम्म्याहून खालीं आला होता. सात-दहा वर्षें ज्यास हात लावावयाचा नाहीं, तोच पैसा तेथें शोभतो. नवख्यानें निफ्टी ५० सारख्या निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या, कमी खर्चाच्या एका फंडापासून आरंभ करावा. दहा फंडांची खिचडी करूं नये.

खर्चाचा एक टक्का क्षुल्लक दिसतो. १ लाख रुपये २० वर्षें १२ टक्क्यांनीं वाढले असें धरल्यास सुमारें ९.६५ लाख होतात. ११ टक्क्यांनीं ८.०६ लाख. म्हणजे एका टक्क्यापायीं दीड लाखांहून अधिक रक्कम गेली. १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाच्या दलालीवांचूनची ‘डायरेक्ट’ योजना उपलब्ध झाली आहे. प्रामाणिक सल्लागारास मोल देण्यास आमची हरकत नाहीं. पण आपण किती देतों हें ठाऊक असावें.

एका रूढ सल्ल्याशीं मात्र आमचा मतभेद आहे. दरमहा ठरलेला हप्ता, ज्यास एस. आय. पी. म्हणतात, तो पगारदाराच्या सोयीचा. कपाशी वा कांदा विकल्यावर ज्याच्या घरीं पैसा येतो, त्याचा हप्ता पेरणीच्या महिन्यांत चुकतो, आणि बँक वर दंड आकारते. अशानें पीक विकल्यावर गुंतवावें. रक्कम मोठी असल्यास ती बँकेंत ठेवून वर्षभरांत थोडी थोडी वळवावी. महिन्याचा नेम नसला तरी चालेल. वर्षाचा नेम चुकवूं नये.

सही करण्यापूर्वीं योजनेच्या पत्रकावरील जोखमीचा कांटा सहा पायऱ्यांपैकीं कोठें आहे तें वाचावें, वारसाचें नांव नोंदवावें, आणि ‘खात्रीनें दुप्पट’ म्हणणाऱ्यास उंबरठ्यावरूनच परत पाठवावें. जमीन एकदां हातची गेली, म्हणजे तिचा पैसा हीच पुढील पिढीची जमीन होय. तिची मशागतहि तितक्याच विचारानें झाली पाहिजे.