‘सवय होईल’ ही शुद्ध थाप आहे

आमच्या धंद्यात अधूनमधून एखादं नवं पोरगं रातपाळीच्या सपोर्टवर टाकलं जातं आणि दर वेळी त्याला तेच वाक्य ऐकवलं जातं. "पहिले पंधरा दिवस त्रास होतो रे, मग सवय होते." मॅनेजर सांगतो, सीनियर सांगतात, घरी मावशी-काका सांगतात. ह्या विकांताला मला फक्त ह्या एका वाक्याचा समाचार घ्यायचाय. कारण ते खोटं आहे, आणि त्या खोट्याचा फायदा ज्यांना होतो ते लोक रात्री घरी झोपलेले असतात.

मंडळी, थोडं जीवशास्त्र. पळू नका, आपल्याच भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. भूक, तहान, शरीराचं तापमान, झोप, ताणतणाव, सगळा कारभार ह्याच्याकडे. साहेब स्वतः फारसे बोलत नाहीत. खाली लटकलेल्या पिट्युटरी ग्रंथीला चिठ्ठ्या पाठवतात, ती पुढे थायरॉईड, अ‍ॅड्रीनल वगैरे खात्यांना हॉर्मोन्सच्या रूपाने हुकूम धाडते. ह्या हायपोथॅलॅमसमध्येच, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, साधारण २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. हे शरीराचं मुख्य घड्याळ. पहाटे कॉर्टिसॉल चढवायचं, रात्री मेलाटोनिन सोडायचं, पहाटे चारच्या आसपास तापमान तळाला न्यायचं, हे सगळं टाइमटेबल इथून चालतं.

हे घड्याळ किती हट्टी आहे त्याचा एक जबरदस्त प्रयोग १९९० साली मार्टिन राल्फ आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांच्याकडे असे हॅमस्टर होते ज्यांचा ‘दिवस’ जन्मतःच २० तासांचा होता. दुसरीकडे २४ तासवाले साधे हॅमस्टर. साध्या हॅमस्टरचा तो पुंजका नष्ट केला, त्याची लय गेली. मग २०वाल्याचा पुंजका त्यात बसवला. लय परत आली, पण २० तासांची! बाकी अख्खा प्राणी तोच. दिवस किती तासांचा हे त्या मूठभर पेशींनी ठरवलं. हॅमस्टरला कुणी ‘सवय कर’ म्हणून सांगायला गेलं नव्हतं.

माणसाचं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं आहे. म्हणजे रोज थोडं मागे पडणारं. ते रोज जुळवून घेतं उजेड. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन असलेल्या काही पेशी असतात, चित्र दिसण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही, त्या मुख्यतः ‘बाहेर उजेड आहे का’ एवढी खबर थेट ह्या पुंजक्याला देतात. आयटीवाल्यांसाठी एका ओळीत: पुंजका म्हणजे सिस्टीम क्लॉक, आणि सूर्य म्हणजे एनटीपी सर्व्हर.

आता तुम्ही म्हणाल, मग ऑनसाईट गेल्यावर आठवड्याभरात जुळतंच की! जुळतं. कारण न्यू जर्सीला गेलात की सूर्यसुद्धा न्यू जर्सीचा असतो. रातपाळीत तसं नाही. हापिसची वेळ अमेरिकेची, सूर्य मात्र हिंजवडीचा. सकाळी सातला कॅबमधून उतरलात, लख्ख ऊन डोळ्यांत गेलं, घड्याळ पुन्हा पुण्याच्या वेळेला लागलं. वर शनिवार-रविवारी घरच्यांसाठी दिवसा जागायचं. सवय होणार कशी?

आणि हे माझं मत नाही. २००८ साली सायमन फोकर्ड ह्यांनी कायम रातपाळी करणाऱ्यांवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. ज्यांचं मेलाटोनिन रातपाळीशी पूर्ण जुळलं होतं असे लोक निघाले ३ टक्क्यांहून कमी. काही उपयोग व्हावा इतपत जुळलेले चारात एकही भरत नव्हते. हे कायम रातपाळीवाले बरं का. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

मग पंधरा दिवसांनी बरं वाटतं ते काय? तक्रार करणं थांबतं, एवढंच. हॉर्मोन्स तक्रार करतच राहतात. २००४ च्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. ही दोन्ही हॉर्मोन्स हायपोथॅलॅमसलाच निरोप देतात. म्हणजे पहाटे तीनला मॅगी आणि वडापाव शोधणाऱ्या पोराला आपण खादाड म्हणतो, तेव्हा त्याचा मेंदू आलेला हुकूम पाळत असतो. २००९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांचं झोपणं-खाणं त्यांच्या आतल्या घड्याळाच्या उलट करून पाहिलं. मोजता आलेल्या आठ जणांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली. तीही काही दिवसांत! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा, माणसांवरचा पुरावा अजून मर्यादित आहे. पण एखाद्या रसायनावर हा शिक्का असता तर आपण त्याचा डबा टेबलावर ठेवला असता का?

"आमच्या गिरणीतल्या लोकांनी जन्मभर तिसरी पाळी केली, कुठे काय झालं?" हे एक ठरलेलं उत्तर. अहो, गिरणगावात एकाच खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. त्यांची साखर, त्यांचा रक्तदाब रातपाळीच्या खात्यावर कुणी मांडला? मोजलं नाही म्हणजे झालं नाही, हे आम्ही बग रिपोर्टमध्ये चालवून घेत नाही, माणसाच्या बाबतीत का घ्यावं?

आणि आयटीवाल्यांनो, आपणही साळसूद नाही. सोसायटीचा वॉचमन पहाटे चारला खुर्चीत डुलकी घेताना दिसला की त्याचा फोटो ग्रुपवर टाकणारे आपणच. बारा तासांची ड्युटी, तुटपुंजा पगार, आणि शरीराचं तापमान तळाला गेलेली वेळ. आपल्याला रात्रभत्ता आणि कॅब तरी मिळते. नर्स, एसटीचे ड्रायव्हर, पोलीस, ह्या सगळ्यांचा हायपोथॅलॅमस आपल्यासारखाच आहे हो.

रातपाळी बंद करा असं मी म्हणत नाही. दवाखाना रात्री बंद ठेवता येत नाही. पण न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सातच झालेले असतात. तरी स्टेटस कॉल रात्री एकला का? कारण क्लायंटला दुपारी सोयीचं पडतं, आणि आपल्याकडे ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. पाळ्या फिरवायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकवा. घड्याळ २४ तासांहून लांब आहे, त्याला पुढे ढकलणं सोपं जातं. रात्री काम करणाऱ्याची साखर आणि रक्तदाब दरवर्षी कंपनीच्या खर्चाने तपासा. वॉचमनची ड्युटी आठ तासांची करा आणि त्यासाठी मेंटेनन्स वाढला तर कुरकुर करू नका.

हे सगळं जमत नसेल तर निदान खरं तरी बोला. त्या नव्या पोराला सांगा, "बाबा रे, सवय होणार नाही, किंमत मोजावी लागेल, आणि त्याचे एवढे पैसे आम्ही देतोय." मग घ्यायचं की नाही ते तो ठरवेल.