इंजिन चांगलं आहे, पण पायाखाली पत्रा नाही

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण गाडी शेतातच सडली, म्हणून इथेच लिहितोय.

आमची 2010 ची पेट्रोल व्हॅन. आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी, फवारणीचा पंप, बागेत येणाऱ्या बायका, सगळं तिनेच वाहिलं. फेब्रुवारीत सकाळी गाडीत चढताना एका काकूंचा पाय मॅटसकट खाली गेला. गाडी उभी होती म्हणून पोटरीला खरचटण्यावर भागलं. मॅट उचलून बघितलं तर खालचा रस्ता दिसत होता.

घरात दोन मतं झाली. मुलगा म्हणाला, विकून टाकू. मी म्हणालो, इंजिन एवढं चांगलं आहे, पत्रा मारून घेऊ. आपल्याकडे सगळे असंच बोलतात. इंजिन चांगलं म्हणजे गाडी चांगली. माझं आज मत असं झालंय की गंजलेल्या गाडीत इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

का, ते सांगतो. मेस्त्रीने गाडी वर उचलली आणि हातोडीच्या दांड्याने ठोकत गेला. जिथे पत्रा शाबूत तिथे टणटण आवाज, जिथे गंज तिथे भद्द. स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आत जायचा. दाराखालची पोकळ पट्टी दोन्ही बाजूंनी गेलेली. पुढच्या सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात, तोही मऊ. जॅक लावायच्या जागेवर जॅक लावला तर तोच आत घुसला.

मेस्त्री म्हणाला, "भाऊ, बोलेरोसारख्या गाडीला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा कुजला तरी चासी ठणठणीत असेल तर काम करता येतं. या व्हॅनला वेगळी चासी नाही. हा पत्रा हीच चासी. मी पॅच मारून देईन, पण वेल्डिंगला धरायला चांगला पत्रा लागतो ना? तो कुठाय?"

मला आंब्याचं झाड आठवलं. जुन्या कलमाचं पुनरुज्जीवन करताना आपण फांद्या बिनधास्त तोडतो, कारण खोड भक्कम असतं. पण खोडच भिरूडाने आरपार पोखरलं असेल तर वरची पालवी बघून कोणी खर्च करत नाही. गाडीचंही तेच. बोनेट, दाराचा खालचा भाग, मडगार्ड या फांद्या. तिथला गंज घासा, रेड ऑक्साइड मारा, रंग द्या, दार बदला. पैसे वाया जात नाहीत. पण सीटचे आणि बेल्टचे बोल्ट, सस्पेन्शन धरणारा भाग, ब्रेकचे पाइप, दाराखालची पट्टी हे खोड. एखाद्या जागी गेलं असेल तर कापून नवा पत्रा नीट जोडता येतो. चारही बाजूंनी गेलं असेल तर थांबा. आणि भोकात लांबी भरून वर डांबर फासणं ही दुरुस्ती नव्हे. ते झाकणं आहे. आत ओल कोंडते आणि गंज आणखी जोरात चालतो.

हिशेब असा होता. पत्राकाम 48,000. नोंदणीची 15 वर्षं मार्चमध्ये भरत होती. ती वाढवायची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 ची 5,000 झालेली. वर पर्यावरण कर, आणि आरटीओत गाडी तपासणीत पास व्हायला हवी ती वेगळीच. गाडीची किंमत मात्र 35,000 च्या वर कोणी सांगत नव्हतं.

ते 35,000 द्यायला एक जण आलाही. शेजारच्या गावचा मासे विकणारा पोरगा. बायको आणि लहान मूल बरोबर. इंजिन चालू करून म्हणाला, "काका, आवाज झकास आहे, मी घेतो." मी मॅट उचलून दाखवलं. तो म्हणाला, "चालेल, फळी टाकतो." बर्फाचं खारं पाणी त्याच फळीखाली जाणार, आणि पुढच्या सीटवर ते मूल बसणार. मी नाही म्हणालो. मुलगा चिडला, त्याचं चुकीचं नव्हतं, घरात पैशाची गरज होती. गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली. पैसे निम्म्याहून कमी आले. पण नोंदणी रीतसर रद्द झाली आणि प्रमाणपत्र मिळालं. पुढे नवी गाडी घेतली तर त्यावर करात सवलत मिळते.

यात दोष माझाच होता. सुपारीच्या कोळेरोगासाठी आपण 1 टक्का बोर्डो मिश्रण करतो. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवायचं नाही, हे मला वडिलांनी शिकवलं. मिश्रण बरोबर झालं का बघायला विळ्याचं पातं बुडवतो, तांबूस थर आला तर चुना कमी पडला. म्हणजे मोरचूद लोखंडाला खातं हे मला पक्कं माहीत. आणि त्याच मोरचुदाच्या फुटक्या पिशव्या मी 15 वर्षं उघड्या पत्र्यावर नेल्या. पोटॅशच्या गोणीत तर क्लोराइड, मिठाचाच भाऊ. त्यात कोकणचा पाऊस आणि खारा वारा. मॅट कधी उचलून वाळवली नाही. गाडी बाहेरून दर रविवारी धुतली, खालून कधीच नाही.

ज्यांची गाडी अजून ठीक आहे त्यांनी एवढं करा. खत, मोरचूद जाड प्लास्टिकच्या घमेल्यात किंवा ताडपत्रीवर ठेवा. वाहतूक झाली की गाडी आतून-खालून साध्या पाण्याने धुऊन दारं उघडी टाकून वाळवा. दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवा. गाडी गवतावर उभी करू नका.

सध्या मी गाडी घेतलेली नाही. वर्षाला मोठी वाहतूक साधारण 45 दिवस, भाड्याचा टेम्पो 600 ने, म्हणजे 27,000. बायकांना रिक्षा सांगितली आहे, तिचे पैसे वेगळे. हंगाम बघून पुढचं ठरवू. मुलगा अजून म्हणतो की 35,000 सोडले. सोडले, खरं आहे. पण तो पोरगा बाजारात भेटला की मला नजर चुकवावी लागत नाही.

आज संध्याकाळी आपापल्या गाडीतली मॅट उचलून बघा.