७४१चा मानपान

आमच्या नगरात (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ ऐकत नाही) माझा नेहमीचा दुकानदार ऑप-अँप म्हटले की न विचारता ७४१ काढतो. घराणे मोठे, नाही कोण म्हणतो? १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागरने तो घडवला. म्हणून काय अर्धशतक उलटल्यावरही त्याच्याच पाया पडायचे?

पुतण्याने अंधार पडला की लागणारा दिवा केला, पाच व्होल्टवर. लागला, छान लागला, आणि सावेडीच्या भर उन्हातही विझेना! पोराने तीन रात्री जोडण्या तपासल्या. शेवटी म्हणाला, "काका, मला हे जमायचं नाही."

अहो, चूक त्याची नव्हती! ७४१ म्हणजे जुन्या वळणाचा जावई. त्याला अधिक पंधरा आणि उणे पंधरा असा दोन्हीकडून मानपान लागतो. पाच व्होल्टांत बसवला की शून्यावर उतरतच नाही, दीड-दोन व्होल्टांवर रुसून बसतो. तेवढ्यावर ट्रान्झिस्टर चालूच राहणार.

त्यापेक्षा एलएम३५८ घ्या. एकाच बॅटरीवर जवळजवळ शून्यापर्यंत उतरतो, आणि पोटात दोन ऑप-अँप. (पाय आठच, पण जोडणी वेगळी.) वरचा दीड व्होल्ट तोही खातो. तेही नको तर एमसीपी६००२. मात्र त्याला नऊ व्होल्टची बॅटरी दाखवू नका, सहाच्या पुढे सोसत नाही.

दुकानदाराला हे सांगितले. "कॉलेजची पोरं हाच नेतात," म्हणाला. म्हणजे प्रयोगात आहे म्हणून दुकानात, आणि दुकानात आहे म्हणून प्रयोगात!

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन ३५८ मागवले. दिवा आता विझतो. पुतण्या मात्र दिवसाढवळ्या त्यावर टोपी झाकून तो पुन्हापुन्हा लावून बघतो.